प्रसूतिगृहाच्या इन्स्टाग्राम-व्हॉट्सअ‍ॅपसाठी तीन महिन्यांचं नियोजन कसं करावं?

रोहिणी_कंटेंट
तालुक्याच्या गावातलं १५ खाटांचं प्रसूतिगृह. दोन स्त्रीरोगतज्ज्ञ, एक स्तनपान सल्लागार, चार सिस्टर. पानावर सध्या सणांच्या शुभेच्छा, 'जागतिक अमुक दिन' आणि सिझेरियननंतर बाळासोबतचे फोटो एवढंच जातं. डॉक्टरांकडून आठवड्याला फार तर दोन तास मिळतात. किती पोस्ट टाकाव्यात, विषय कुठून काढावेत, आणि बाळ-बाळंतिणीचे फोटो टाकावेत का? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी नेमकं सांगा.

स्त्रीरोग_ओपीडी
कॅलेंडर तारखांवर बेतू नका, आठवड्यांवर बेता. तारखांचे नव्हेत, गरोदरपणाचे आठवडे. पान बघणारी बाई ९ व्या आठवड्यात असते, २६ व्या असते किंवा बाळंत होऊन बारा दिवस झालेले असतात. 'मातृदिनाच्या शुभेच्छा' यातल्या कुणालाच उपयोगी नाहीत. चार कप्पे करा: १२ आठवड्यांपर्यंत, १३ ते २७, २८ पासून प्रसूतीपर्यंत, आणि बाळंतपणानंतरचा सव्वा महिना. प्रत्येक कप्प्यात सहा विषय धरले की २४ होतात. आठवड्याला एक सरकत्या चित्रांची पोस्ट आणि एक छोटा व्हिडिओ, असे १२ आठवडे पुरतात. दोन तासांत याहून जास्त होत नाही, आणि व्हायची गरजही नाही.

विषय इंटरनेटवर शोधू नका. रिसेप्शनवर एक वही ठेवा. फोनवर आणि केबिनच्या दाराशी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच शब्दांत लिहायचा. पंधरा दिवसांत कोणता प्रश्न कितीदा आला ते दिसतं. 'साखरेच्या तपासणीला उपाशी यायचं का?' हा बहुतेक ठिकाणी वरचा असतो. त्याचं उत्तर रुग्णालयाच्या पद्धतीवर ठरतं. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त द्यायचं, या पद्धतीत उपाशी राहायची अट नसते. तीनदा रक्त घेण्याच्या पद्धतीत उपाशी यावंच लागतं. दुसऱ्या पानावरून उचललेली पोस्ट इथेच घात करते: बाई खाऊन येते आणि तपासणी पुढे ढकलावी लागते. आपल्याकडे काय करतात तेच लिहा, आणि 'प्यायल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर तपासणी पुन्हा, दुसऱ्या दिवशी' हे वाक्य विसरू नका.

आणखी एक विषय, जो आपल्याकडे हवाच: पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात बाई गाव बदलते आणि नव्या डॉक्टरांसमोर अर्धवट फाईल येते. 'माहेरी जाताना फाईलमध्ये काय न्यावं' अशी पोस्ट करा: रक्तगट, हिमोग्लोबिनचे सगळे रिपोर्ट, सर्व सोनोग्राफी (विशेषतः पहिली, कारण प्रसूतीची तारीख तिच्यावरून पक्की होते), एचआयव्ही, कावीळ बी आणि व्हीडीआरएलचे (गरमी म्हणजे सिफिलिसची तपासणी) रिपोर्ट, साखर, थायरॉइड, धनुर्वाताच्या इंजेक्शनच्या तारखा, चालू गोळ्यांची नावं. आधी सिझेरियन झालं असेल तर त्याचं डिस्चार्ज कार्ड. ही पोस्ट नवरे आणि आया दोघंही पुढे पाठवतात.

नियम_आधी
डिझाइनच्या आधी हे वाचून घ्या. सगळ्यात मोठा धोका १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याचा. कलम २२ जाहिरातीबद्दल आहे, त्यात इंटरनेटही येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. परदेशी पानांवरचे निळ्या-गुलाबी फुग्यांचे 'मुलगा की मुलगी' व्हिडिओ चुकूनही शेअर करू नका. डोहाळजेवणात 'बर्फी की पेढा' खेळतात, त्याचं चित्रणही रुग्णालयाच्या पानावर नको. पोटाच्या आकारावरून किंवा बाळाच्या ठोक्यांवरून अंदाज सांगणाऱ्या कमेंट त्याच दिवशी काढा. सोनोग्राफीचे फोटो टाकूच नका: कोपऱ्यात नाव, तारीख, वय छापलेलं असतं, आणि खाली पहिली कमेंट 'काय आहे?' हीच येते.

दुसरा कायदा १९९२ चा, बाळाच्या दुधाची पावडर आणि बाटल्यांबद्दलचा. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. पावडर, बाटली किंवा दोन वर्षांखालच्या बाळाच्या डबाबंद आहाराची जाहिरात चालत नाही. म्हणून कंपनीनं दिलेल्या 'गिफ्ट हॅम्पर'ची स्पर्धा नको. बाळ दाखवायला तयार चित्रांतून बाटलीचं चिन्ह उचललं जातं, तेही काढून टाका.

तिसरं, मेडिकल कौन्सिलची २००२ ची नियमावली. २०२३ च्या नव्या नियमावलीला त्याच ऑगस्टमध्ये स्थगिती मिळाली, त्यामुळे २००२ चीच धरायची. रुग्ण ओढण्यासाठी केलेला प्रचार त्यात अनैतिक ठरतो, डॉक्टरनं केला तरी आणि संस्थेनं केला तरी. 'सर्वोत्तम', '१०० टक्के नॉर्मल', 'वेदनारहित हमी' हे शब्द बाद. माहितीपर पोस्ट बिनधास्त टाका.

फोटोंबद्दल: प्रसूतीकळा चालू असताना किंवा दाखल करतानाच्या कागदांत घेतलेली संमती ही खरी संमती नव्हेच. वेगळा मराठी कागद हवा. कोणता फोटो, कुठे टाकणार, किती दिवस ठेवणार, आणि 'काढा' म्हटल्यावर एका दिवसात काढू, एवढं त्यात लिहा. डिस्चार्जनंतर आठवड्यानं, बाई घरी शांत असताना विचारा. टाकण्यापूर्वी फोटो मोठा करून पाहा: बाळाच्या मनगटाची पट्टी, खाटेवरची पाटी, मागच्या टेबलावरची फाईल, शेजारच्या खाटेवरची बाई. माझं स्पष्ट मत: बाळाचा चेहरा नकोच. मुठीत धरलेलं बोट पुरेसं बोलतं.

अक्षरजुळणी
दिसण्याचं थोडक्यात. पोस्ट १०८० बाय १३५०, व्हिडिओ १०८० बाय १९२०. व्हिडिओच्या खालच्या भागावर नाव, मजकूर आणि बटणं येतात, म्हणून अक्षरं मधल्या पट्ट्यात ठेवा. हिंदीसाठी बनवलेल्या अनेक फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे नसतात, आणि 'दुसऱ्या', 'वऱ्हाडी' यांतला ऱ्य-ऱ्ह फुटतो. फॉन्ट ठरवण्याआधी 'दुसऱ्या तिमाहीतल्या ल-श तपासण्या' असं काहीतरी टाइप करून पाहा. 'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट चांगला चालतो. एका चित्रावर २५ शब्दांच्या वर नको; घरातलं वयस्कर माणूस ते चष्म्याशिवाय वाचत असतं.

चित्रीकरण महिन्यातून एकदाच, चार व्हिडिओ एका बैठकीत. पंचेचाळीस सेकंदांना मराठीत साधारण ९० शब्द लागतात. संहिता मोजून घ्या, नाहीतर डॉक्टर तीन मिनिटं बोलतात आणि कापताना नेमकं महत्त्वाचं वाक्य जातं. कॉलर माइक वापरा, पंखा बंद, तोंड खिडकीकडे. मराठी मजकूर स्क्रीनवर हवाच, कारण रात्री बाळ झोपलेलं असताना आवाज बंद करूनच बघतात. 'एनएसटी' (बाळाच्या ठोक्यांची तपासणी), 'पीव्ही' (आतून तपासणी) असे शब्द आले की तिथेच थांबवून साध्या भाषेत पुन्हा बोलायला लावा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ क्रमांक बसतात, आणि ज्यांनी तुमचा क्रमांक सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोहोचतो. म्हणून नोंदणीच्या वेळीच क्रमांक सेव्ह करून घ्या. याद्याही वरच्या चार कप्प्यांप्रमाणे वेगळ्या ठेवा. नवव्या महिन्यातल्या बाईला मळमळीवरचा निरोप गेला की ती पुढचे उघडत नाही.

स्तनपान_सल्ला
सव्वा महिन्याच्या कप्प्याला सहा विषय कमी पडतील, आठ-नऊ ठेवा. बाकीचे तिन्ही कप्पे तपासणीच्या निमित्तानं दवाखान्यात येत राहतात. ही बाई घरात असते, रात्री दोनला एकटी, आणि दहा जणी दहा सल्ले देत असतात.

व्हिडिओ बाहुली आणि कापडी स्तन घेऊन करा. खासगीपणाचा प्रश्न मिटतो आणि धरायची पद्धतही नीट दिसते: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, काळा भाग वर जास्त आणि खाली कमी दिसणारा. 'दूध पुरतंय का' यावर दोन आकडे द्या: २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त ओल्या लंगोट्या. सोबत वजन तपासायची तारीख लिहा, कारण आकडे बरोबर असूनही वजन वाढत नसेल तर यायलाच हवं.

सूर जपा. 'सासूच्या चुका' अशी पोस्ट चालते खूप, पण ती बाई त्याच सासूच्या हातचं खात असते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू यांना नावं ठेवायचं कारणच नाही. ठाम बोलायचं ते मध, घुट्टी, नाका-कानात तेल आणि खोलीतली धुरी यांवर, आणि तेही कारणासकट: मधातून एक वर्षाखालच्या बाळाला बोटुलिझम होऊ शकतो, धुरानं श्वासनलिकेला त्रास होतो. आजीला कारण सांगितलं की ती ऐकते.

१ ते ७ ऑगस्टचा स्तनपान सप्ताह तेवढा तारखेनं पाळा. आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ती माहिती खासगी पानावरही टाका.

रोहिणी_कंटेंट
वही आजच ठेवते. एक राहिलं: रात्री इनबॉक्समध्ये 'अंगावर जातंय, काय करू' असे निरोप येतात. त्यांचं काय करायचं?

स्त्रीरोग_ओपीडी
ताई, हे सगळ्या पोस्टच्या आधी बसवा. इनबॉक्समध्ये उपचार सांगायचे नाहीत, फोटो बघून तर नाहीच. आपोआप जाणारं उत्तर लावा, असं: 'हा इनबॉक्स तातडीसाठी नाही. रक्तस्राव, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, किंवा बाळंतपणानंतर तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, यांपैकी काहीही असेल तर उत्तराची वाट न बघता लगेच रुग्णालयात या. गाडी नसेल तर १०८.' खाली लेबर रूमचा चालू क्रमांक, रिसेप्शनचा नव्हे. तो रात्री कुणी उचलत नाही. हाच मजकूर पानाच्या वरच्या बाजूला कायमचा पिन करा, आणि दर महिन्याला रात्री अकरानंतर त्या क्रमांकावर स्वतः फोन लावून बघा.