थीसिस नसलेलं मटेरियल्सचं एमएस कसं असतं?

प्रश्न: मेटलर्जीत बीई, सध्या फाउंड्रीत नोकरी. स्टॅनफर्डचं मटेरियल्स सायन्सचं एमएस बघतोय. थीसिस लागत नाही म्हणे. मग डिग्री कशावर देतात?

फेजडायग्राम: 45 युनिट्सवर, म्हणजे विषयांच्या क्रेडिट्सवर. क्वार्टर पद्धत आहे, दहा आठवड्यांत विषय खलास! थर्मोडायनॅमिक्स आणि डिफ्यूजन (घन पदार्थात अणू कसे सरकतात ते) पक्कं करून जा. स्टील थंड होताना 727 अंश सेल्सिअसला त्यातल्या ऑस्टेनाइट या रचनेचं पर्लाइट ही दुसरी रचना होते, हे नुसतं पाठ असून भागत नाही. फ्री एनर्जीचे (कोणती रचना स्थिर, हे ठरवणाऱ्या ऊर्जेचे) आलेख काढून ते का होतं, हे दाखवता आलं पाहिजे.

जुनी_मेटलर्जिस्ट: पुढे पीएचडीचा विचार असेल तर नुसते विषय घेऊ नकोस बाबा. लॅबमध्ये रिसर्च युनिट्स घे. नुसत्या मार्कांवर कोण चांगलं शिफारसपत्र देतंय?

प्रश्नकर्ता: आणि फी?

जुनी_मेटलर्जिस्ट: खिशातूनच धर. फंडिंग मिळालंच तर दिवाळी.