मदत हवी आहे: कोस्टा रिकातली आर्जिया टाचणी (चतुरासारखा बारीक कीटक), जाती कशी ठरवावी?

सारापिकी भागातल्या ओढ्यातल्या दगडावर बसलेल्या जांभळ्या नराचे फोटो आहेत. पायांवरचे काटे लांब, दोन काट्यांमधल्या अंतराच्या साधारण दुप्पट, म्हणून प्रजाती (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) आर्जियाच धरली आहे. पुढे अडलंय. या प्रजातीत शंभरहून जास्त जाती आहेत आणि नुसत्या रंगावर जाती ठरवणं धोक्याचं: कोवळे नर फिके असतात, मेल्यावर रंग उडतो. खरी खूण नराच्या पोटाच्या टोकाची उपांगं (मादीला धरायचे चिमटे) आणि पोटाच्या दहाव्या खंडावरच्या गाद्या (छोटे उंचवटे). माझ्या फोटोंत उपांगं फक्त बाजूने दिसतात. वरून आणि मागून घेतलेले क्लोजअप नसताना जाती सांगता येईल का? मादीच्या छातीवरच्या पुढच्या पट्टिका टिपायला किती पटीचं भिंग वापरता? कृपया अनुभवी मंडळींनी सांगावं.