‘पेठ’ हा शब्द मूळचा कोणत्या भाषेतला?

प्रश्न:
सोलापुरात मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, साखर पेठ अशी नावे सर्वांच्या तोंडी आहेत. आमचे कन्नड शेजारी ‘पेटे’ म्हणतात, तर पूर्व भागातील तेलुगू विणकरांकडे ‘पेट’ ऐकू येते. हा शब्द मराठीने त्यांच्याकडून घेतला, की तो संस्कृतातून आला? तसेच पेठ आणि बाजार यांत नेमका फरक कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १:
हिंदीत आठवडी बाजाराला ‘पैंठ’ म्हणतात आणि त्याची व्युत्पत्ती काही कोशकार ‘पण्यस्थान’ या संस्कृत शब्दापासून देतात. मात्र बेंगळुरूचे चिकपेट, हैदराबादचे बेगमपेट, चेन्नईचे सैदापेट अशी दक्षिणेतील गावनावे पाहता आणि तमिळमध्येही ‘पेट्टै’ रूढ आहे हे ध्यानात घेता, मला दाक्षिणात्य मूळ अधिक पटते. ‘बाजार’ मात्र निःसंशय फारसी आहे. म्हणजे ‘बाजारपेठ’ या जोडशब्दात दोन निराळ्या भाषा एकत्र नांदतात.

फरकाविषयी सांगायचे, तर बाजार भरतो आणि उठतो, पेठ वसवली जाते. शिवकाळात व पेशवाईत नवी पेठ वसवताना सरकार व्यापाऱ्यांना कौल, म्हणजे लेखी अभयपत्र, देई, काही वर्षे करांत सूट देई, आणि पेठेची व्यवस्था शेटे व महाजन या वतनदारांकडे सोपवली जाई. दुकानांमागे घरे उभी राहत, कारागीर वस्तीला येत, आणि त्यामुळेच पुढे ‘शहराचा विभाग’ हा अर्थ या शब्दाला चिकटला. आज ज्या पेठेत एकही मोठे दुकान नाही, तिलाही आपण पेठच म्हणतो, ते यामुळे.

उत्तर २:
वरील विवेचनात एका अर्थाची भर घालतो. हुंडीच्या, म्हणजे पैसे देण्याविषयीच्या व्यापारी चिठ्ठीच्या, व्यवहारात मूळ हुंडी गहाळ झाली, तर तिच्या बदल्यात जी दुसरी प्रत लिहून देत, तिलाही ‘पेठ’ म्हणत आणि तीही हरवल्यास तिसरी ‘परपेठ’ दिली जाई. जुन्या व्यापारी पत्रांत हा शब्द आढळल्यास तेथे बाजार असा अर्थ लावू नये.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. मंगळवार पेठेतील चाटी गल्लीच्या नावाचाही उलगडा व्हावा, अशी इच्छा आहे.

उत्तर १:
‘चाटी’ म्हणजे कापडाचा व्यापारी. जुन्या मराठीत हा शब्द सर्रास वापरला जाई, आणि त्या गल्लीत आजही कापडाचीच दुकाने आहेत.