मोर तडफडत होता, आम्ही ताक पाजलं. चुकलं का?

नंदगडचा ऊसवाला:
परवा सकाळी उसाच्या बांधावर मोर आडवा पडलेला. चोचीतून लाळेची तार लोंबत होती, पंख थरथरत होते. काका म्हणाले, ताक पाज, विष उतरतं. चोच उघडून वाटीभर ओतलं. घशात घुरघुरलं आणि संपलाच. आदल्या दिवशी हुमणीच्या किडीसाठी फोरेट हे दाणेदार औषध टाकलेलं, घरातल्या जुन्या पोत्यातलं. वनखात्याच्या गार्डनं कन्नडात पंचनामा केला. मला त्यातलं 'नविलु', म्हणजे मोर, एवढंच वाचता आलं. ताकानं मेला की औषधानं?

निवृत्त जनावरांचा डॉक्टर, बेळगाव:
मारलं फोरेटनंच, पण ताकानं घाई केली. या विषात छातीत पाणी भरतं, गिळता येत नाही. तोंडात ओतलेलं फुफ्फुसात जातं. दूध, चिंचेचं पाणी, काहीच ओतायचं नाही. पक्षी दाणे दळायला खडे गिळतात, त्यांना दाणेदार औषध खडाच वाटतो.

उतारा अ‍ॅट्रोपिन. किलोमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम, पाच किलोच्या मोराला ०.६ मिलिग्रॅमची किमान दोन इंजेक्शनं, तीही फक्त सुरुवातीला. लाळ आटेपर्यंत, श्वास मोकळा होईपर्यंत पुन्हा पुन्हा. कुत्र्या-कोल्ह्यात डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, त्यावरून कळतं. पक्ष्यात बाहुलीवर विसंबू नका; त्यांच्या बुबुळाचे स्नायू वेगळे, अ‍ॅट्रोपिननं बाहुली मोठीही होत नाही. मी नवा असताना तिच्याकडेच बघत बसलो आणि एक मोर घालवला. अंगाचा थरकाप अ‍ॅट्रोपिननं थांबत नाही, त्याला प्रॅलिडॉक्झिम हे दुसरं औषध लागतं, आणि तेही लवकर. हे सगळं डॉक्टरनंच करायचं. तुम्ही सावलीत खोक्यात ठेवा, वनखात्याच्या १९२६ ला फोन करा, आणि औषधाचं पोतं दाखवायला ठेवा.

जांबोटीकर:
आमच्याकडं उंदराचं औषध खाल्लेला कोल्हा सापडला होता. त्यालाही हेच इंजेक्शन?

निवृत्त जनावरांचा डॉक्टर, बेळगाव:
नाही. उंदराचं ते औषध झिंक फॉस्फाईड असेल, तर त्याला उतारा नाही. तोंडाला लसणासारखा वास येतो. त्याची उलटी बंद खोलीत हुंगत बसू नका, तिच्यातून निघणारा वायू माणसालाही मारतो.

ऊसवाले, फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. पोतं ओढ्यात फेकू नका, कृषी खात्यात विचारा. आणि एक सांगा, टाकलं कशानं?

नंदगडचा ऊसवाला:
हातानंच की. संध्याकाळी मला दोनदा उलटी झालती. ऊन लागलं असंल म्हटलं.

निवृत्त जनावरांचा डॉक्टर, बेळगाव:
ऊन नव्हे ते. कातडीतूनही शिरतं. उद्या आधी माणसांच्या डॉक्टरकडं जा, पोत्यावरचं नाव कागदावर लिहून घेऊन.