स्प्लेंडर ९८ हजार किमी, तेल कमी होतंय: १०डब्ल्यू-३०च ठेवू की जाड टाकू?

वऱ्हाडी_चाक
२००६ची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, ९८,००० किमी. अकोल्यात रोज ४० किमी चालते, उन्हाळ्यात पारा ४४-४५. आतापर्यंत १०डब्ल्यू-३०च (पहिला आकडा थंडीतल्या जाडीचा, दुसरा गरम तेलाच्या). दोन हजार किमीला तेल बदलताना जेमतेम ६०० मिली निघतं. सकाळी पहिल्या किकला निळसर धूर येतो, नंतर नाही. मेकॅनिक म्हणतो २०डब्ल्यू-५० टाका, आवाज बसेल. कारचं ‘हाय मायलेज’ (खूप चाललेल्या गाड्यांसाठीचं) तेल मिळतं, ते चालेल का?

सतरा_नंबर_पाना
भाऊ, कारचं तेल अजिबात नको. स्प्लेंडरमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच प्लेटा एकाच तेलात बुडालेल्या असतात. कारच्या पातळ तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच घसरतो: ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र पळत नाही. बाटलीवर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (तेलात बुडालेल्या क्लचच्या दुचाकींसाठीचा जपानी दर्जा) हवंच. ‘एमबी’ स्कूटरचं, ते घेऊ नका. बाटलीवरच्या ‘एपीआय’च्या गोल शिक्क्याच्या खालच्या अर्ध्यात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ दिसलं तर ती बाटली परत ठेवा.

आता जाडीचं. १०० अंशाला ३० नंबरच्या तेलाची जाडी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (तेलाची जाडी मोजायचं एकक), ४०ची १२.५ ते १६.३, ५०ची १६.३ ते २१.९. म्हणजे ५०चं तेल ३०च्या जवळपास पावणेदोन पट जाड. या इंजिनाच्या तेलवाटा आणि छोटा पंप पातळ तेल धरून केलेले आहेत. २०डब्ल्यू-५० टाकलं की सकाळी हेडपर्यंत, कॅमपर्यंत तेल उशिरा पोचतं आणि झीज तिथेच होते. आवाज बसतो खरा, पण टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे स्क्रू) ढिले असतील तर ते ढिलेच राहतात. आधी थंड इंजिनावर टॅपेट लावून घ्या.

तेलकाडी
तेलाची पातळी मोजायची काडी कशी बघता, आधी ते सांगा. बरेच जण आटे फिरवून काडी पूर्ण बसवतात आणि मग वाचतात. स्प्लेंडरला काडी पुसून नुसती टेकवायची, फिरवायची नाही. फिरवली तर ती जास्त बुडते आणि तेल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागी. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, आणखी तीन मिनिटं थांबा, मग बघा.

आता मोजा. वरच्या खुणेपर्यंत भरा, ५०० किमी चालवा आणि पुन्हा वरच्या खुणेवर यायला किती मिली लागतं ते औषधाच्या सिरिंजने मोजून टाका. पातळी उलट वाढली तर खूश होऊ नका. काडीचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटरची फ्लोट सुई गळतेय आणि पेट्रोल चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या जागेत) उतरतंय. अशा वेळी कुठल्याही नंबरचं तेल पातळच होणार. तोवर रात्री पेट्रोलचा कॉक बंद ठेवा.

वऱ्हाडी_चाक
मोजलं. ५०० किमीला ७० मिली. पेट्रोलचा वास नाही, खाली डाग नाही.

सतरा_नंबर_पाना
म्हणजे हजाराला १४०. माझा आडाखा असा: हजाराला १०० मिलीच्या आत असेल तर १०डब्ल्यू-३०च ठेवायचं. १०० ते २००मध्ये २०डब्ल्यू-४०. त्याच्या पुढे गेलं तर तेल बदलून भागत नाही, इंजिन उघडायचंच. तुमच्याकडे ऊनही आहे आणि इंजिन हवेवर थंड होणारं, तेव्हा २०डब्ल्यू-४० खनिज तेल, जासो एमए, योग्य. सर्वो, एचपी रेसर, कॅस्ट्रॉल, कुठलंही. मात्र पंपावरून घ्या आणि झाकणाची सील बघून घ्या.

धूर फक्त पहिल्या किकला, म्हणजे व्हॉल्व्ह सील कडक झालेत. रात्रभर तेल गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतून) झिरपतं, सकाळी जळतं. रिंगा गेल्या असत्या तर चढावर, लोड पडल्यावर सतत धूर दिसला असता. सीलचं काम हेड उतरवून होतं, बोअर करायची (सिलिंडर आतून घासून मोठा करायची) गरज नाही. कोणी थेट ‘रिंग-पिस्टन’ सांगितलं तर आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघायला लावा. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून आकडा बराच वाढला तरच दोष रिंगांचा.

तेलकाडी
एक राहिलं. या गाडीला कागदी फिल्टर नाही. उजव्या कव्हरखाली क्रँकच्या टोकाला फिरणारी वाटी आहे, तीन स्क्रूंच्या झाकणाची. गाळ त्यात डिंकासारखा चिकटतो. शिवाय खाली जाळी. नुसतं तेल बदलून ही वाटी रिकामी होत नाही. ९८ हजारांत कधी उघडली नसेल तर आता उघडून पेट्रोलने धुवा, कव्हरचं गॅस्केट नवीन घ्या. आणि कृपा करून डिझेल टाकून इंजिन फिरवायचा ‘फ्लश’ करू देऊ नका. त्या वेळात बेअरिंगवर तेलाचा थर राहत नाही आणि थोडं डिझेल आतच उरतं. त्यापेक्षा पहिलं तेल ५०० किमीलाच काढा. नंतर दर २,००० किमीला बदला, आणि मध्ये दर दुसऱ्या रविवारी काडी बघा.

वऱ्हाडी_चाक
घरीच बदलायचं असेल तर?

सतरा_नंबर_पाना
गाडी दहा मिनिटं चालवून घ्या, गरम तेल गाळ सोबत घेऊन येतं. खालचा बोल्ट सतरा नंबरचा. रिंग पाना लावा, फिक्स पाना घसरून कडा मारतो. तेल पूर्ण गळू द्या, वायसर नवा घाला. बोल्ट शेवटपर्यंत बोटांनीच फिरवा; अडकला तर आडवा लागलाय, काढून पुन्हा लावा. चेंबर ॲल्युमिनियमचं आहे, पान्यावर पाय देऊन आवळलं की आटे जातात. नऊशेची बाटली एकदम उपडी करू नका. ७५० मिली ओता, इंजिन चालवा, थांबा, काडी बघा, मग पन्नास-पन्नास मिली. खुणेच्या वर गेलं तर जादा तेल ब्रीदर पाइपातून एअर फिल्टरमध्ये जातं. जुनं तेल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, नालीत नको.