मदत हवी आहे: घरी बनवलेला लाल लेझर पॉइंटर मंद पेटतो, भिंतीवर ठिपकाच उमटत नाही

विज्ञानशिक्षिका:
नमस्कार मंडळी. आठवीच्या मुलांकडून केसाची जाडी लेझरने मोजून घ्यायची आहे. केसावर लेझर पडला की मागच्या भिंतीवर उजेड-अंधाराच्या पट्ट्या दिसतात आणि त्यांच्यातल्या अंतरावरून जाडी काढता येते. तयार पॉइंटर विकत मिळतो हे माहीत आहे, पण आत काय असतं ते मुलांनी स्वतः जोडून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

सामान असं: ६५० नॅनोमीटरचा, ५ मिलीवॅटचा सुटा लाल लेझर डायोड, तो बसवायला भिंग असलेलं पितळी घर, एलएम ३१७ (व्होल्टेज किंवा करंट ठरावीक ठेवणारी तीन पायांची आयसी), ४७ ओहमचा रेझिस्टर आणि साधे पेन्सिल सेल तीन, म्हणजे साडेचार व्होल्ट. एलएम ३१७ करंट स्थिर ठेवण्यासाठी जोडला आहे: त्याच्या आउटपुट आणि ॲडजस्ट या दोन पायांमध्ये रेझिस्टर, ॲडजस्टपासून पुढे डायोड.

बटण दाबलं की डायोड पेटतो, पण उजेड साध्या लाल एलईडीसारखा, पसरट. भिंग कितीही फिरवलं तरी ठिपका होत नाही. सेल नवे टाकून पाहिले, फरक नाही. डायोड गेला का? दुसरा आणण्याआधी खात्री करायची आहे, कारण खराबी दुसरीकडेच असेल तर तोही जाईल. मल्टीमीटर आहे. काय काय मोजू?

जुना_रेडिओवाला:
मॅडम, डायोड इतक्यात टाकू नका. मंद का होईना, लाल उजेड येतोय, म्हणजे पिना बरोबर आहेत. या डायोडला तीन पाय असतात: एक सामाईक, एक लेझरचा आणि एक आतल्या प्रकाशमापक फोटोडायोडचा. चुकून फोटोडायोडला जोडलं असतं तर काहीच पेटलं नसतं.

लेझर डायोडला एक उंबरठा असतो. ठरावीक करंटच्या खाली तो एलईडीसारखाच वागतो आणि उंबरठा ओलांडला की एकदम लेझर होतो. तुमच्या प्रकारच्या डायोडचा उंबरठा साधारण वीस मिलीॲम्पच्या आसपास असतो. म्हणजे शक्यता दोन: करंट पुरेसा मिळत नाही, किंवा कधीतरी जास्त करंट जाऊन डायोडचं प्रकाश बाहेर टाकणारं टोक जळलं आहे. दुसऱ्या बाबतीतही तो एलईडीसारखाच दिसतो, म्हणून नुसत्या डोळ्यांनी फरक कळणार नाही.

बटण दाबून ठेवून तीन व्होल्टेज मोजा: सेलच्या दोन टोकांवर, ४७ ओहमच्या रेझिस्टरवर आणि डायोडवर. मोजताना डायोडचं तोंड भिंतीकडे असू द्या, कुणाच्याही चेहऱ्याकडे नको. मीटरची टोकं घसरू देऊ नका, रेझिस्टर क्षणभर शॉर्ट झाला तरी करंटवरचा ताबा सुटतो.

विज्ञानशिक्षिका:
मोजलं. सेलवर ४.५, रेझिस्टरवर ०.७२, डायोडवर २.१ व्होल्ट.

जुना_रेडिओवाला:
मग डायोड बहुतेक शाबूत आहे, व्होल्टेज कमी पडतंय.

एलएम ३१७ नीट चालत असेल तर त्या रेझिस्टरवर १.२५ व्होल्ट दिसायलाच हवेत, ती त्याची ठरलेली खूण. १.२५ भागिले ४७, म्हणजे जवळजवळ २७ मिलीॲम्प. तुमच्याकडे ०.७२ दिसतात, म्हणजे फक्त १५ मिलीॲम्प जातायत. उंबरठ्याच्या खाली.

आता साडेचार व्होल्ट कुठे खर्च झाले ते बघा. डायोडने २.१ घेतले, रेझिस्टरने ०.७२, उरलेले जवळपास १.७ एलएम ३१७ च्या पोटात गेले. एवढं त्याला स्वतःला लागतंच. डायोडचे २.२, रेझिस्टरचे १.२५ आणि आयसीचे १.७ धरले तर पाचच्या वर गेलो. साडेचारात हे बसत नाही. सेल नवे टाकूनही फरक पडला नाही तो याचमुळे. नेटवरच्या कित्येक आकृत्यांत तीन सेलवर हेच सर्किट दाखवलेलं असतं आणि मुलं बिचारी डायोडला दोष देत बसतात.

पेन्सिल सेल सहा करा किंवा नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावा. बॅटरी उतरून सातवर आली तरी चालेल. आयसीत दीडेकशे मिलीवॅट जिरतील, त्याला हीटसिंक लागत नाही.

पण थेट डायोडवर प्रयोग नको. आधी डायोड काढा आणि त्याच्या जागी तीन वन एन ४००७ (प्रकाश न देणारे साधे डायोड) एकापाठोपाठ जोडा, सोबत एक १० ओहमचा रेझिस्टर. तिन्ही मिळून साधारण तेवढंच व्होल्टेज घेतात. १० ओहमवर ०.२७ व्होल्ट आले की २७ मिलीॲम्प बरोबर जातायत. मग बॅटरी काढा आणि खरा डायोड जोडा. बॅटरी चालू असताना डायोड लावू-काढू नका. डायोड सुटल्यावर आउटपुट वर चढून बसतं आणि पुन्हा टेकवला की झटका बसतो. एका कच्च्या सोल्डरनेही हेच होतं, म्हणून जोड नीट तपासा.

घरचा_तंत्रज्ञ:
एवढा उजेड तरी कशाला पुरणार? जुन्या डीव्हीडी रायटरमधला लाल डायोड काढा, कितीतरी पट जोरदार असतो.

जुना_रेडिओवाला:
नको, मुलांसोबत तर अजिबात नको. रायटरचा डायोड शंभर मिलीवॅटच्या पुढे जाऊ शकतो, तो ३बी, म्हणजे डोळ्यांना धोकादायक लेझरच्या वर्गात मोडतो. डोळ्यात शिरला तर पापणी मिटण्याआधीच पडदा भाजतो. ५ मिलीवॅटचा लेझरही डोळ्यात जाता कामा नये, पण केसाच्या प्रयोगाला तो भरपूर होतो. आणि फार स्वस्त हिरवे पॉइंटरही वर्गात आणू नका. त्यात ८०८ नॅनोमीटरचा पंप डायोड १०६४ चा लेझर चालवतो आणि त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ चा हिरवा मिळवतात. अवरक्त अडवणारा फिल्टर बसवलेला नसेल तर न दिसणारा प्रकाशही सोबत बाहेर पडतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापांच्या सरकारी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये नेमका असाच एक पॉइंटर तपासून इशारा दिला होता. लाल डायोडमध्ये ही भानगड नाही.

विज्ञानशिक्षिका:
नऊ व्होल्टची बॅटरी लावली. आधी वन एन ४००७ वर मोजलं, बरोबर आलं. मग डायोड. रेझिस्टरवर आता १.२४ व्होल्ट, आणि भिंतीवर लखलखीत, दाणेदार लाल उजेड! मुलांनी अक्षरशः उड्या मारल्या. मनापासून आभार. आता एकच अडचण: ठिपका गोल नाही, लांबट आहे, आणि हात लागला की पसरतो.

प्रयोगवही:
अभिनंदन! दाणेदार चमक हीच लेझर सुरू झाल्याची खूण, एलईडीच्या उजेडात ती दिसत नाही.

लांबटपणा हा दोष नाही. डायोडमधली प्रकाश बाहेर पडण्याची फट एका बाजूने फार अरुंद असते, त्या दिशेने प्रकाश जास्त फाकतो. उलट त्याचा उपयोग करून घ्या: घर असं फिरवा की ठिपक्याची लांब बाजू केसाला समांतर येईल. पट्ट्या केसाला काटकोनात पसरतात, तिकडे मूळ ठिपका अरुंद राहिला की त्या ठळक दिसतात. हात लागल्यावर पसरतो कारण भिंगाचे आटे ढिले आहेत. नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप आट्यांवर एक वेढा द्या, आणि दोन मीटरवर ठिपका सर्वांत बारीक होईपर्यंत सावकाश फिरवा.

मांडणी कमरेएवढ्या उंचीच्या टेबलावर करा आणि मुलांना उभं ठेवा, म्हणजे किरण कुणाच्या डोळ्यांच्या रेषेत येणार नाही. भिंत पांढरी पण चकाकी नसलेली हवी. टेबलावरून स्टीलची पट्टी, घड्याळ, बांगड्या बाजूला. बटण फक्त तुमच्या हातात.

केस पुठ्ठ्याच्या चौकटीत ताणून चिकटवा. केसापासून भिंत २ मीटर, आणि मधल्या रुंद पट्ट्याच्या एकाच बाजूच्या लागोपाठच्या गडद पट्ट्या मोजा. मधला पट्टा दुप्पट रुंद असतो, तो धरला तर उत्तर फसतं. केसाची जाडी म्हणजे तरंगलांबी गुणिले भिंतीचं अंतर, भागिले दोन गडद पट्ट्यांमधलं अंतर. ते अंतर २० मिलिमीटर आलं तर जाडी ०.०६५ मिलिमीटर. पाच-सहा गडद पट्ट्यांचं एकूण अंतर मोजून भागलंत तर चूक कमी होईल.

विज्ञानशिक्षिका:
टेप लावली, ठिपका आता हलत नाही. उद्या केस ताणून बसवतो. वर्गात कुरळे केस असलेल्या मुलीही आहेत आणि सरळ केसांच्याही, त्यांची जाडी वेगळी निघते का हे मुलांना आधी बघायचंय. आकडे आले की इथेच टाकते.