हायब्रिड गाडी उठेना, घरच्या घरी काय तपासू? (बजेट ६,०००, गल्लीत टोइंग येत नाही)

मुरारजीपेठ_१३
नमस्कार मंडळी. गाडी स्ट्राँग हायब्रिड पेट्रोल, म्हणजे इंजिनाबरोबर विजेची मोटर आणि तिची मोठी बॅटरी असलेली, चार वर्षं जुनी, ४१ हजार किमी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागच्या धाग्यात नावावरूनच चार पानं भांडण झालं आणि माझा प्रश्न तसाच राहिला.

लेकीकडे बेंगळुरूला गेलो होतो, अकरा दिवसांनी परवा रात्री परतलो. रिमोटनं दार उघडेना. रिमोटच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून उघडलं. ब्रेक दाबून बटण दाबलं तर डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले, आत कुठंतरी टिक-टिक-टिक झालं, पण 'रेडी' (गाडी चालू झाल्याची खूण) काही लागलं नाही. दुसऱ्यांदा दाबलं तर हायब्रिड, एबीएस, स्टिअरिंग, होत्या नव्हत्या तेवढ्या खुणा एकदम पेटल्या आणि मग अंधार.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. म्हणाले, "घेऊन या, बघू, हायब्रिड बॅटरीसुद्धा असू शकते." हे ऐकल्यापासून घरात सुतक आहे. घेऊन कशी जाऊ? गल्ली सोलापुरात होम मैदानाच्या मागे, गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) भरलेला, फ्लॅटबेडवाला नाक्यावरूनच परत गेला.

बजेट सहा हजार. शुक्रवारी पुण्याला जायचंय, भाच्यासाठी मुलगी बघायला. गाडीत बाहेरचं काहीही बसवलेलं नाही. घरी काय तपासता येईल?

कडकभाकरी
काय करलालाव काका, एवढं काय घाबरायचं. गड्ड्याला पोरं कमी हायत का? चौघं बोलवा, धक्का मारा, सेकंडला टाकून क्लच सोडा. आमची जीप वीस वर्षं अशीच चालली.

विंडिंगवाला_बापू
भाकरी, क्लच कुठाय बे त्यात? काका, धक्का मारू नका. या गाडीला नेहमीचा स्टार्टरच नसतो. इंजिन फिरवते ती आतली मोटर, आणि तिला करंट मिळतो मोठ्या बॅटरीतून. पण मोठ्या बॅटरीचा रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढायला आणि सगळे कॉम्प्युटर जागे करायला एक साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती बसली की मोठी भरलेली असूनही काही उपयोग नाही. वाड्यात धान्याची कोठारं भरलेली आणि कुलपाची किल्ली विहिरीत, तशातली गत.

टिक-टिक, मिणमिणते दिवे, सगळ्या खुणा एकदम: ही छोटी बॅटरी बसल्याची लक्षणं. व्होल्ट मोजायचा मीटर आहे का घरात?

होटगीरोडचा_राजा
माझीही हायब्रिडच आहे, साडेतीन वर्षं झाली, एकदाही त्रास नाही. खरं तर गाडी घेतानाच नीट चौकशी करायची असते. मी सरळ २२ हजारांची जाडजूड बॅटरी टाकली आहे, वर्षभर उभी ठेवा, एका सेल्फात उठते.

विंडिंगवाला_बापू
राजेसाहेब, "एका सेल्फात" म्हणजेच तुमची माइल्ड हायब्रिड. तुमच्यात नेहमीचा स्टार्टर असतो, वरून पट्ट्यावरची छोटी मोटर हातभार लावते. प्रकरण वेगळं. आणि बजेट सहा हजार लिहिलंय.

होटगीरोडचा_राजा
गाडीच्या मागे कंपनीनेच हायब्रिड लिहिलंय. तुम्ही कंपनीपेक्षा मोठे का?

पुण्यातला_सोलापूरकर
बाहेरच्या मेकॅनिकचा हात लावून घेऊ नका. वॉरंटी जाईल. माझ्या वॉरंटी पुस्तिकेत हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी लिहिलंय, तुमचीही बघा. बाकी पौषात मुलगी बघायला कोण जातं?

मुरारजीपेठ_१३
नुसते चहापोहे आहेत हो, बोलणी माघातच. पुस्तिका बघितली, आमचीही तेवढीच आहे. जीव जरा भांड्यात पडला.

शेंगाचटणी_ताई
काका, आधी ती गाडी खरंच बंद आहे ना, हे बघा. हसू नका. आमच्याकडे नवी हायब्रिड आली तेव्हा सासऱ्यांनी बटण दाबलं, आवाज नाही. पुन्हा दाबलं, आवाज नाही. असं सात-आठ वेळा. शेवटी सात रस्त्यावरून मेकॅनिक आणला, रिक्षाचे ऐंशी रुपये आणि त्याचे दोनशे. त्याने बटण दाबलं, 'रेडी' लागलं, गिअर टाकला, गाडी मुकाट्याने पुढे. सासरे दर दुसऱ्या वेळी चालू गाडी बंद करत होते! अजूनही त्यांना इंजिनाचा आवाज आल्याशिवाय गाडी सुरू झाली असं पटत नाही.

तुमचे दिवे मिणमिणतायत म्हणजे तुमचं तसं नाही. पण कुणाच्या तरी उपयोगाला पडेल.

धागेदोरे_अक्कलकोटरोड
मागच्या सीटखाली नाहीतर बाजूला एक जाळी असते, ती बघा. मोठ्या बॅटरीचा पंखा तिथून हवा ओढतो. मी चादरींचे गठ्ठे मागच्या सीटवर टाकून दुकानांना माल पोचवायचो, जाळी गठ्ठ्याखाली. वर चादरींचा कापूस उडायचा तो आत. दोन उन्हाळ्यांत पंख्यावर बोटभर गादी तयार. मे महिन्यात, ४३ डिग्रीत, मोहोळच्या पुढे बॅटरी तापल्याची खूण आली. साफ करायला साडेतीन हजार गेले. जाळी साफ करा, गाडी उठेल.

विंडिंगवाला_बापू
जाळी साफ ठेवायलाच हवी, सोलापूरच्या धुळीत तर दर सर्व्हिसला. पण त्याने अकरा दिवस उभी गाडी बसत नाही.

धागेदोरे_अक्कलकोटरोड
माझा अनुभव सांगितला. घ्यायचा तर घ्या.

पिठलं_प्रेमी
पेट्रोल आहे ना टाकीत? आमच्या साहेबांनी पेट्रोल संपल्यावर "बॅटरीवर जाईल की" म्हणून तशीच दामटली. दोन किलोमीटर गेली. मग मोठी बॅटरीही तळाला आणि गाडी पुलावर.

मुरारजीपेठ_१३
पेट्रोल अर्धी टाकी आहे. शेजारच्या इलेक्ट्रिशियन पोराकडून मीटर आणला. बॉनेटखाली फ्यूजच्या डब्यात लाल झाकणाचं टोक आहे, पुस्तिकेत तेच दाखवलंय. तिथे आणि बॉडीला लावून बघितलं: १०.४.

विंडिंगवाला_बापू
झालं निदान. चांगली भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. १०.४ म्हणजे तळ खरवडलाय. मोठ्या बॅटरीच्या नावाने रडणं थांबवा.

आता नीट वाचा. बाहेरून करंट देऊन उठवायची असेल तर फार ताकद लागत नाही, कारण इंजिन फिरवायचं काम या बॅटरीचं नाहीच. छोटा जंप स्टार्टरसुद्धा पुरतो. लाल वायर त्या लाल टोकाला, काळी इंजिनाच्या उघड्या धातूला, ठरवून दिलेल्या जागी. 'रेडी' लागलं की मीटर १४ च्या आसपास दाखवेल, म्हणजे मोठी बॅटरी छोटीला भरायला लागली. नारिंगी वायरींकडे बोटसुद्धा नेऊ नका, तिथे दोनशेच्या वर व्होल्ट खेळतात.

आणि तुमच्या गाडीने दुसऱ्याची गाडी कधी उठवू नका. उपकार महागात पडतील.

रात्रीचा_दिवा
लाल-काळ्याची गोष्ट दोनदा वाचा. मी टेंभुर्णीजवळ ढाब्यावर रात्री साडेअकराला, तोंडात मोबाइलचा टॉर्च धरून, वायरी उलट्या लावल्या. एकच ठिणगी. फ्यूज गेला एवढ्यावर भागलं असतं तर बरं, १२ व्होल्ट भरणारा कन्व्हर्टरही गेला. बिल २८ हजार. ढाब्याचं जेवण मात्र चांगलं होतं.

होटगीरोडचा_राजा
म्हणूनच म्हणतो, भारी बॅटरी घ्या. २२ हजार.

कडकभाकरी
मी गाडीत उंदरांसाठी डांबरगोळ्या ठेवतो. आमच्या मालदांडी ज्वारीच्या पोत्यांपायी उंदीर आले आणि अर्धी वायरिंग खाल्ली. तुमच्या वायरी बघा काका.

पुण्यातला_सोलापूरकर
सगळे बॅटरी बॅटरी करताय, पण ती का बसली ते कोण विचारणार? चार वर्षांत नुसती अकरा दिवस उभी राहून १०.४ होत नाही. आमची पुण्यात तीन आठवडे उभी असते, उठते.

विंडिंगवाला_बापू
हे मात्र बरोबर बोललात. काका, खरंच बाहेरचं काही बसवलेलं नाही? आठवा. रिमोट कुठे ठेवला होता? काही गाड्यांत रिमोट जवळ असला की गाडीचा कॉम्प्युटर नीट झोपत नाही.

मुरारजीपेठ_१३
रिमोट आमच्याबरोबर बेंगळुरूलाच होता. बाहेरचं काही नाही… एक डॅशकॅम आहे. दिवाळीत जावयानं लावून दिला. तो काय मोजण्यासारखा?

विंडिंगवाला_बापू
काका!!

पार्किंग मोडवर आहे ना? उभ्या गाडीतही शूट करतो तो? समजा पाव अँपिअर खातो. दिवसाचे चोवीस तास म्हणजे सहा अँपिअर-तास. या छोट्या बॅटऱ्या असतात ३५ ते ४५ च्या. आठवड्यात ताट चाटूनपुसून साफ. गाडी स्वतः झोपेत यापेक्षा कितीतरी कमी खाते. गल्लीतल्या मांजरांचा अकरा दिवसांचा चित्रपट काढलाय तुम्ही.

शेंगाचटणी_ताई
जावयाला काही बोलू नका हं काका. संक्रांत आहे, गोडच बोला.

मुरारजीपेठ_१३
वायर उपटली. जावयाला कळवलेलं नाही. बॅटरी आमच्या गाडीत डिकीच्या उजव्या कोपऱ्यात निघाली. डिकी विजेवरची, ती उघडेना. आतून सीट पाडून, पालथा पडून हाताने उघडली. वय ६१. आता नवी घेऊ का हीच भरू?

पुण्यातला_सोलापूरकर
नवीच. आणि सर्व्हिस सेंटरमधूनच.

धागेदोरे_अक्कलकोटरोड
नवी. जाळीही साफ करून घ्या.

होटगीरोडचा_राजा
नवी. आकडा सांगितला आहे.

रात्रीचा_दिवा
नवी घ्या, बसवायला माणूस बोलवा. माझ्यासारखं करू नका.

विंडिंगवाला_बापू
एकदा एवढी खाली गेलेली आणि इतके दिवस तशीच पडलेली बॅटरी पूर्वीची राहत नाही. भरेल, पण धरून ठेवेल याची खात्री नाही. मीही म्हणेन नवी. मात्र कोपऱ्यावरची कुठलीही स्वस्त उचलून टाकू नका. ही गाडीच्या आत बसते, म्हणून एजीएम जातीची (बंदिस्त, आतलं आम्ल न सांडणारी) लागते, तिच्यातला वायू बाहेर नेणारी बारीक नळी असते, ती परत जोडायची. सहा हजारांत बसणं अवघड आहे, आधीच सांगतो.

भरायचीच असेल तर आधी काळी वायर काढा, तीन-चार अँपिअरवर रात्रभर, गाडीची दारं उघडी ठेवून. मोठ्या चार्जरने तासाभरात उकळू नका. आणि वायर काढलेली असताना डिकी लावू नका.

पिठलं_प्रेमी
पेट्रोल बघितलं का?

मुरारजीपेठ_१३
दोन दिवसांनी लिहितोय, माफी.

नवी घेतली नाही. नवी पेठेतल्या दोन दुकानांत विचारलं, एकाने १४ हजार सांगितले, दुसऱ्याकडे ती जातच नाही. ओळखीच्या इन्व्हर्टरवाल्याकडून हळू भरणारा चार्जर आणला, १५० रुपये दिवसाला. बापूंनी सांगितल्याप्रमाणे चार अँपिअरवर तेरा तास लावली. नंदीध्वज वाजतगाजत पुढच्या रस्त्याने चालले होते आणि मी डिकीत डोकं घालून मीटर बघत होतो. बायको म्हणाली, सिद्धेश्वराला हात जोडायचे सोडून बॅटरीला काय जोडताय.

रात्री बंद केली तेव्हा १२.८, सकाळी १२.३. बटण दाबलं. 'रेडी'! मीटर १४.२. सगळ्या पिवळ्या खुणा गेल्या, एबीएसची तेवढी दहा-बारा मिनिटं राहिली, मग तीही गेली. तासभर अंगणात 'रेडी'वरच ठेवली.

पुण्याला मात्र हुतात्मा एक्स्प्रेसने चाललोय. तिकिटं काढली. मुलीच्या दारात गाडी उठली नाही तर भाच्याचं काय होईल? बॅटरी उन्हाळ्यापर्यंत चालवून बघणार.

होटगीरोडचा_राजा
मग विचारलं कशाला?

पुण्यातला_सोलापूरकर
एकूण खर्च १५० रुपये आणि धाग्यावर पन्नास जणांचा वेळ.

विंडिंगवाला_बापू
पन्नास कुठले, आपण आठजण आहोत. काका, तेरा तास भरून सकाळी १२.३ म्हणजे बॅटरी थकलीच आहे. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास 'रेडी'वर ठेवा, नुसतं लाईट-रेडिओ लावून बसू नका, त्याने भरत नाही, उलट उतरते. दर रविवारी मीटर लावा. १२ च्या खाली दिसली की गपगुमान चौदा हजार मोजा. मेच्या उन्हात ती तुम्हाला विचारून जाणार नाही.

शेंगाचटणी_ताई
मुलगी पसंत पडली का ते लिहा. आणि पुण्याला जाताना चटणी न्या, रिकाम्या हाताने जाऊ नका.

मुरारजीपेठ_१३
चटणी घेतली, दोन किलो. कडक भाकरीही. जावई पण येतोय, पुण्यातच भेटेल. त्याने आत्ताच मेसेज केलाय, डॅशकॅम ऑफलाइन का दिसतोय म्हणून.

कडकभाकरी
माझी जीप आज उठेना. डिझेल हाय. इथंच विचारू की नवा धागा काढू?